वजनास वजन

मुष्टियुद्धाचे आजचे शास्त्र उभे राहिले ते माणसांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी. हलक्याशी हलका, मध्यमाशी मध्यम आणि जडाशी जड, अशी वाटणी झाल्यावाचून दोघांना रिंगणात सोडावयाचे नाही, हा त्याचा पहिला दंडक. एवढा काटेकोरपणा करूनही या खेळाच्या रसिकांची जिज्ञासा काही शमलेली नाही. हे सारे वजनगट क्षणभर पुसून टाकले, सर्व लढवय्ये एकाच मापाच्या देहाचे आहेत असे कल्पिले, तर त्यांत श्रेष्ठ कोण? इंग्रजीत या कल्पनेला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. आपण ‘वजनास वजन’ म्हणू. आधी भेद करावयाचे आणि मग अभेदाची ओढ लागावयाची, हा आपल्या वेदान्ती मनाला काही अगदीच अपरिचित खेळ नव्हे.

भागवताच्या दशम स्कंधात कंसाच्या आखाड्याचा प्रसंग आहे. चाणूर कृष्णाला लढतीस बोलावतो, तेव्हा कृष्ण म्हणतो की आम्ही पोरे आहोत, आम्ही आमच्या तोलाच्यांशीच खेळू, म्हणजे सभासदांना अधर्म लागणार नाही. पुढे लढत जुंपते आणि मथुरेच्या स्त्रिया हळहळू लागतात. कुठे ते वज्रासारख्या अंगाचे, पर्वतासारखे मल्ल आणि कुठे ही कोवळी मुले! अशी विषम झुंज जेथे चालते तेथे बसणेदेखील पाप, असे त्या एकमेकींना सांगतात. बलरामाच्या वाट्याला आलेल्या मल्लाचे नाव तर मुष्टिकच.

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात बुवा हा प्रसंग रंगवीत तेव्हा माझे मामा मला कोपराने हळूच डिवचीत. “अरे, ऐकलेस ना? वजनगट काढले ते लंडनच्या साहेबाने नव्हे, मथुरेच्या बायकांनी!” आणि बुवा पुढे चाणूर-मुष्टिकांच्या वधापर्यंत आले की मामांचे दुसरे वाक्य ठरलेले असे. “आणि वजनास वजन कोण श्रेष्ठ, तेही तिथेच ठरले.”

लंडनच्या साहेबाचे श्रेय मात्र अगदीच नाकारता येत नाही. १८६७ साली क्वीन्सबेरीच्या नावाने नियम प्रसिद्ध झाले, हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली. १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट पक्के केले. फ्लायवेट ११२ पौंडांचा, मग बँटम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल, लाइट-हेवी आणि शेवटी ज्याला वरची मर्यादाच नाही असा हेवीवेट. आज त्या आठांचे सतरा-अठरा झाले आहेत आणि प्रत्येक गटात चार-चार संस्थांचे चार-चार पट्टे. जगज्जेता हा शब्द त्यामुळे जरा स्वस्त झाला आहे, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या बेळगावकडच्या जत्रांतून कुस्तीची जोड काट्यावर लागत नसे, ती नजरेने लागे. पंच दोन गड्यांचे हात धरून त्यांना तांबड्या मातीच्या फडात फिरवीत, हलगी थांबे, आणि सभोवारच्या लोकांना जोड पसंत नसेल तर चहूकडून ओरडा उठे. मानेची जाडी, मांडीचा घेर, वय, मागल्या जत्रेत कोणी कोणास चीतपट केले, हे सारे ती हजार माणसांची नजर एका दमात तोलून घेई. काटा वजन सांगतो. नजर कस पाहते. वजनास वजन हा प्रश्न काट्याने सुटण्याजोगा नाहीच, तो नजरेचा प्रश्न आहे. नजर म्हटली की मतभेद आले, आणि मतभेद आले की देवळाच्या ओसरीवर रात्रीचे अकरा वाजलेच.

मामा सैन्यात होते आणि पलटणीकडून लाइटवेट गटात, म्हणजे १३५ पौंडांच्या आत, लढत असत. एका वर्षी पलटणीचा वेल्टरवेट गडी ऐनवेळी आजारी पडला आणि मामांना त्याच्या जागी उतरावे लागले. समोरचा बारा पौंडांनी जड. तीन फेऱ्यांच्या अखेरीस मामा गुणांवर हरले. जिंकलेल्या लढतींची त्यांची चषके मामींनी केव्हाच माळ्यावर टाकली होती. मामांनी त्यांचा विषय कधी काढला नाही. सांगावयाचे ते या पराभवाबद्दलच. “बारा पौंड दिले आणि तरी उभा राहिलो,” एवढेच ते म्हणत. कोणी आपल्याहून जड माणसाला किती वजन दिले आणि देऊनही काय केले, हे माप मी त्यांच्याकडून घेतले. सगळी मापे शेवटी कोणाकडून तरी घेतलेलीच असतात.

हे माप लावले की पहिली अडचण हेवीवेटांची येते. महंमद अली सर्वांना ठाऊक. १९६४ मध्ये लिस्टन, १९७४ मध्ये किन्शासा येथे फोरमन, आणि मधली साडेतीन वर्षे व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर. माणूस म्हणून त्याचे स्थान फार उंच. परंतु ज्याच्या वर गटच नाही, तो वजन देणार कोणाला? वजनास वजन या परीक्षेला हेवीवेट मुळात बसतच नाही, असे माझे मत आहे. जो लुईसलाही मी याच कारणाने बाजूला ठेवतो. अपवाद करावासा वाटतो तो युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचा. खालच्या क्रूझरवेट गटाची चारही पदे २०१८ मध्ये एकवटून तो वर चढला आणि मे २०२४ मध्ये रियाध येथे त्याने टायसन फ्युरीला हरविले, तेव्हा फ्युरी त्याच्याहून सुमारे चाळीस पौंडांनी जड होता.

दुसरी अडचण कागदाची. नॅट फ्लायशर याने १९२२ साली न्यूयॉर्कला ‘द रिंग’ हे मासिक काढले आणि त्यातील क्रमवारी म्हणजे या खेळाची पोथीच होऊन बसली. परंतु पोथीतही क्षेपक शिरतात. १९७७ साली अमेरिकेतील एका मोठ्या स्पर्धेसाठी काही लढवय्यांच्या नावावर कधी न झालेल्या लढती याच मासिकाच्या नोंदग्रंथात चढविल्या गेल्या. ते उघडकीस आले आणि दूरचित्रवाणीवर चाललेली ती स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. त्याच मासिकाने २००२ मध्ये मागील ऐंशी वर्षांतील ऐंशी श्रेष्ठ लढवय्यांची यादी केली. तीत पहिला शुगर रे रॉबिन्सन, दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग. यादी मान्य करावी, पण डोळे मिटून नव्हे.

आर्मस्ट्राँगची कथा आजही अविश्वसनीय वाटते. आठच गट आणि आठच जगज्जेते होते, त्या काळातली ही गोष्ट. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याने पीटी सॅरनकडून फेदरवेटचे, १२६ पौंडांचे पद घेतले. मध्ये लाइटवेटचा गट असतो. तो ओलांडून ३१ मे १९३८ रोजी तो एकदम वेल्टरवेटच्या बार्नी रॉससमोर उभा राहिला. इतर लोक वजन उतरवून काट्यावर येतात, याला ते वाढवावे लागले, आणि तरीही तो रॉसहून सुमारे आठ पौंडांनी हलका होता. पंधरा फेऱ्या रॉसला त्याने श्वास घेऊ दिला नाही. लगेच त्याच वर्षी १७ ऑगस्टला त्याने लू अँबर्सकडून मधले लाइटवेटचे पदही घेतले. त्या रात्री त्याचा ओठ आतून फाटला होता आणि रक्त असेच सांडत राहिले तर लढत थांबवीन, अशी पंचाने तंबी दिली. तेव्हा त्याने दातांवरचे रक्षक फेकून दिले आणि उरलेल्या फेऱ्यांत रक्त गिळीत लढला, असे सांगतात. आठांपैकी तीन गटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी एकाच माणसाकडे! ऑक्टोबर १९३९ या एका महिन्यात त्याने आपले वेल्टरवेटचे पद पाच वेळा राखले. मार्च १९४० मध्ये मिडलवेटच्या सेफेरिनो गार्सियाशी त्याची लढत बरोबरीत सुटली. ती जिंकता तर चौथे पद येते. पुढे हा माणूस बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. रक्त गिळून लढणाऱ्याने प्रवचने करावीत, याचे आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटू नये. वाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मग रॉबिन्सन पहिला का? आर्मस्ट्राँगकडे वेग होता, दम होता, न संपणारा मारा होता. परंतु त्याची एकच रीत होती, ती म्हणजे पुढे घुसण्याची. रॉबिन्सनला सगळ्या रीती येत. डावा हात आणि उजवा हात यांत थोरला कोणता ते ओळखू येऊ नये, मागे सरकता सरकता ठोसा मारावा आणि त्याने समोरचा गारद व्हावा, ही गोष्ट मी त्याच्या जुन्या चित्रफितींत पुनःपुन्हा पाहिली आहे. त्याचे खरे नाव वॉकर स्मिथ. कोवळ्या वयात दुसऱ्या कोणा रे रॉबिन्सनच्या ओळखपत्रावर तो रिंगणात शिरला आणि ते नाव जन्माचे होऊन बसले. सलग ४० लढती जिंकून ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइट येथे तो जेक लामोटाकडून पहिल्यांदा हरला, तेव्हा लामोटा त्याच्याहून १६ पौंडांनी जड होता. या दोघांच्या सहा लढती झाल्या. त्यांतील पाच रॉबिन्सनने जिंकल्या, आणि शेवटची, फेब्रुवारी १९५१ ची, जिंकून मिडलवेटचे पदही नेले. लामोटाकडून झालेल्या त्या हारीनंतर पुढचा पराभव पाहावयास त्याला जुलै १९५१ उजाडावा लागला. लंडनला रँडॉल्फ टर्पिनने त्याला हरविले आणि दोनच महिन्यांनी रॉबिन्सनने ते पद परत घेतले. वजन देण्याचे माप लावायचे तर २५ जून १९५२ ची यँकी स्टेडियमवरील रात्र आहे. लाइट-हेवी गटाचा जोई मॅक्सिम सुमारे पंधरा पौंडांनी जड, आणि उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्याही वर. दहाव्या फेरीनंतर पंचच उष्म्याने बाजूला झाला आणि दुसरा बोलवावा लागला. तेरा फेऱ्या संपल्या तेव्हा रॉबिन्सन गुणांत पुढे होता. चौदाव्या फेरीची घंटा झाली आणि त्याला बाकावरून उठता आले नाही. दोनशे लढतींच्या आयुष्यात निर्णयापूर्वी तो थांबला असा हा एकच प्रसंग.

रॉबिन्सनचे नाव पहिले लिहिताना आणखी एक नाव लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. जिमी डॉयल. २४ जून १९४७ रोजी क्लीव्हलंड येथे आठव्या फेरीत रॉबिन्सनच्या डाव्या ठोशाने तो पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. आदल्या रात्री आपल्याला हेच स्वप्न पडले होते, आपण लढत रद्द करा म्हणालो होतो आणि लोकांनी समजूत घातली, असे रॉबिन्सनने पुढे आत्मचरित्रात सांगितले. चौकशीत त्याला विचारले गेले की डॉयलला अडचणीत आणण्याचा तुमचा हेतू होता काय. त्यावर त्याने सांगितले की समोरच्याला अडचणीत आणणे हाच माझा व्यवसाय आहे. हे उत्तर कित्येकांना निर्दय वाटले. मला ते या खेळाविषयी कोणीही दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. डॉयलच्या आईसाठी त्याने आपल्या मिळकतीतून रक्कम लावून दिली. इथे तर काटा समान होता, दोघेही वेल्टरवेट. मथुरेच्या स्त्रियांनी सांगितलेला अधर्म येथे घडला नव्हता, आणि तरी एक मुलगा गेला.

मामांना एका कानाने कमी ऐकू येई. शेवटच्या दोन वर्षांत ते तोच प्रश्न दिवसातून आठ-आठ वेळा विचारू लागले. डॉक्टरांनी कारण वय हेच सांगितले; मामी दुसरे कारण सांगत, आणि ते सांगताना भिंतीवरच्या मामांच्या हातमोजे घातलेल्या छायाचित्राकडे पाहत. रॉबिन्सन १९८९ साली गेला, त्यालाही शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता. हे मी मामींना कधी बोललो नाही. मुष्टियुद्ध पाहणे मी सोडले काय? नाही. परंतु एखादा गडी डोक्यावर ठोसे खाऊनही उभा राहतो आणि प्रेक्षक त्याच्या धैर्याला टाळ्या देतात, तेव्हा माझे हात उचलत नाहीत. माझ्या यादीत त्यामुळे मार चुकविणाऱ्यांना थोडे झुकते माप आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. विली पेप या फेदरवेटला मी वर बसवतो तो त्यासाठीच. जानेवारी १९४७ मध्ये विमान कोसळून त्याची पाठ जायबंदी झाली आणि त्याच जूनमध्ये तो पुन्हा लढू लागला. २४१ लढतींत हार अवघी अकरा वेळा. समोरच्याला तो हाताला लागतच नसे.

हॅरी ग्रेबबद्दल थोडक्यात. जीन टनी सबंध कारकिर्दीत एकदाच हरला, २३ मे १९२२ रोजी, आणि ते या मिडलवेट ग्रेबकडून. हाच टनी चार वर्षांनी डेम्प्सीला हरवून हेवीवेटचा जगज्जेता झाला. ग्रेब एका डोळ्याने जवळजवळ अंध होता आणि सुमारे तीनशे लढती लढला. त्यांतील एकाही लढतीची चित्रफीत आज उपलब्ध नाही, आहे ती केवळ सराव करतानाची. नजरेवर विसंबणाऱ्या आमच्यासारख्यांची येथे पंचाईत होते. परंतु टनीचा तो पराभव हीच ग्रेबची चित्रफीत समजावी. वेल्सच्या कोळशाच्या खाणीतून आलेला जिमी वाइल्ड फ्लायवेटचा जगज्जेता होता आणि ११२ पौंडांच्या मर्यादेपर्यंत त्याचे वजन बहुधा पोचतच नसे. म्हणजे तो आपल्याच गटात सदैव वजन देत होता! मामांचा हा लाडका.

आजच्या काळात मॅनी पॅक्वियाओ हा फिलिपाइन्सचा गडी १९९८ ते २०१० या बारा वर्षांत फ्लायवेटपासून आठ गटांत जगज्जेता झाला. जपानच्या नाओया इनोउए याने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन गटांतील चारही पट्टे एकवटले. १३५ पौंडांवर पहिले पद मिळविलेल्या टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये १६८ पौंडांवर कॅनेलो आल्वारेझला हरविले. तिघेही थोर. तथापि आज एखादा श्रेष्ठ गडी वर्षात दोनदा लढतो. आर्मस्ट्राँगचा तो एक महिना आठवला की तुलना करावीशीच वाटत नाही.

आणि स्त्रिया? १०० वर्षे या याद्यांत त्यांना जागा नव्हती. २०१२ साली ऑलिंपिकमध्ये प्रथम त्यांचे मुष्टियुद्ध आले, तेही केवळ तीन गटांत, आणि त्यांतील सर्वांत हलका ५१ किलोंचा. मणिपूरच्या मेरी कोमने तोवरची पाच जगज्जेतेपदे ४५ ते ४८ किलोंत मिळविली होती. ती दोन मुलांची आई, वजन वाढवून वरच्या गटात उतरली, उंच मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. २०१८ मध्ये पुन्हा ४८ किलोंत जगज्जेती, सहाव्यांदा. माझे माप लावून पाहा. या देशात त्याला पुरे पडणारे दुसरे नाव मला सुचत नाही. हैदराबादच्या वाचकांना निजामाबादच्या निखत जरीनचे नाव सुचेल. २०२२ मध्ये ५२ आणि २०२३ मध्ये ५० किलोंत ती जगज्जेती झाली. त्यांनी भांडावे, मी ऐकून घेईन.

माझ्या यादीत पहिला रॉबिन्सन, तिसरा आर्मस्ट्राँग, चौथा ग्रेब, पाचवा पेप. दुसऱ्या जागेवर सॅम लँगफर्ड आहे, ज्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा हा कृष्णवर्णीय गडी, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. १९०३ मध्ये त्याने लाइटवेटचा जगज्जेता जो गॅन्स याला हरविले, पण त्या लढतीला पद लावलेले नव्हते. १९०६ मध्ये तो जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढून हरला. जॉन्सन सुमारे तीस पौंडांनी जड होता. दोन वर्षांनी जॉन्सन हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला, आणि पद हाती असेतो त्याने लँगफर्डला एकदाही समोर येऊ दिले नाही. गोरे त्याला टाळीत ते रंगासाठी आणि भीतीसाठी. जॉन्सनने टाळले ते, माझ्या समजुतीने, केवळ भीतीसाठी. मग लँगफर्ड आपल्यासारख्याच अडविलेल्या कृष्णवर्णीयांशी पुनःपुन्हा लढत राहिला. एकट्या हॅरी विल्सशी पंधराहून अधिक वेळा. लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सर्व गटांतील माणसांना त्याने हात दाखविला, आणि पदांच्या तक्त्यात त्याचे नाव नाही. पदे मोजून केलेली प्रत्येक यादी हा अन्याय पुन्हा एकदा करते.

अखेर त्याचे डोळे गेले. १९४४ साली अ‍ॅल लेनी नावाचा पत्रकार त्याचा शोध घेत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत फिरला, तेव्हा लँगफर्ड मेला असे कित्येकांनी त्याला सांगितले. तो एका अंधाऱ्या खोलीत राहत होता, अंध आणि निष्कांचन. लेनीने लिहिले, लोकांनी पैसे पाठविले, त्याचा निधी झाला आणि त्यावर १९५६ पर्यंतची त्याची उरलेली वर्षे गेली.

मामांनी आपल्या रोजनिशीच्या शेवटच्या पानावर जी यादी केली होती, तीत लँगफर्ड पहिला आणि रॉबिन्सन दुसरा. यावर आमचा वाद सुमारे तीस वर्षे चालला. मी चित्रफितींचा पुरावा काढी, ते म्हणत, “ज्याला फडातच घेतले नाही त्याचा पुरावा कुठून आणशील?” मला अजूनही रॉबिन्सनच पहिला वाटतो.